शांघायची मार्गदर्शिका आणि गोसीखुर्दची स्थानपोथी

प्रवासमार्गदर्शिका हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे विधान मराठीच्या विभागात केले तर सहकारी आधी हसतील आणि मग तो कोणत्या अभ्यासक्रमात आहे, असे विचारतील. प्रवासवर्णनाला आपण साहित्यात मानाचे पान दिले आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून मीना प्रभूंच्या 'चिनी माती'पर्यंत त्याची परंपरा आपण शिकवतो. मार्गदर्शिकेला मात्र त्या पंगतीत जागा नाही. कुठे उतरावे, कोणती बस धरावी, तिकीट किती, देऊळ कधी बंद होते, हे सांगणारे पुस्तक कामापुरते वापरायचे आणि प्रवास संपला की रद्दीत द्यायचे, अशी आपली समजूत. तरीही दोहोंतला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. प्रवासवर्णनात जाऊन आलेला लेखक बोलत असतो. मार्गदर्शिका अजून न आलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. येणाऱ्याला काय दाखवायचे आणि कशाकडे त्याची पाठ राहू द्यायची, याचा निर्णय तिच्या प्रत्येक पानावर झालेला असतो.

हा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती एका साध्या कामामुळे. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात नौकाविहार, जलक्रीडा वगैरे सोयींचा जलपर्यटन प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला, तेव्हापासून आमच्या भागात उत्साहाचे वातावरण आहे. पवनीतल्या काही हौशी मंडळींना वाटले, की येणाऱ्या पाहुण्यांसाठी मराठीत एक चोवीस पानी माहितीपुस्तिका असावी. मजकूर लिहायला मराठीची प्राध्यापिका हाताशी होतीच. नमुना म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने शांघाय शहराची इंग्रजी मार्गदर्शिका आणून दिली. तो कंपनीच्या कामासाठी तिथे महिनाभर राहून आला आहे. "मॅडम, अशी झाली पाहिजे," एवढीच त्याची अपेक्षा होती.

शांघायची ती मार्गदर्शिका मी चार दिवसांत वाचून काढली, आणि स्पष्टच सांगते, मला ती आवडली. भाषा कुठे फुगलेली नाही. शांघाय या नावाचा अर्थ 'समुद्रावर' असा आहे, हे पहिल्याच पानावर सांगून ती कामाला लागते. शहराला दोन मोठे विमानतळ आहेत. पैकी पुडोंगला उतरलात तर चुंबकीय शक्तीवर रुळांना न टेकता धावणारी गाडी तुम्हाला सुमारे तीस किलोमीटर अंतर आठ मिनिटांत पार करून देईल, पण ती शहराच्या मध्यभागी नेत नाही, पुढे मेट्रो धरावी लागते. जून-जुलैत झिमझिम पाऊस असतो, त्याला तिकडे 'आलुबुखाऱ्याचा पाऊस' म्हणतात, छत्री ठेवावी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्ट्या असतात. तेव्हा चुकूनही जाऊ नये. जुन्या शहरातली युयुआन बाग सोळाव्या शतकातली आहे. तिथे सकाळी दारे उघडताच पोहोचावे. नोटा कुणी मागत नाही, सारा व्यवहार मोबाइलवर चालतो. तेव्हा आपले कार्ड तिकडच्या ॲपला आधीच जोडून घ्यावे. परक्या गावात भांबावलेल्या माणसाविषयीची ही आस्था मला अनेक ललित लेखांत आढळत नाही.

शहराचे वर्णनही नेटके आहे. हुआंगपू नदी शहराचे दोन भाग करते. पूर्वेला पुडोंग. १९९० मध्ये चीनच्या सरकारने तिथल्या विकासाची घोषणा केली तेव्हा त्या काठावर शेती, गोदामे आणि कामगारवस्त्या होत्या; आज तिथे ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर उभा आहे. पश्चिमेला 'बंड', म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दगडी इमारतींची नदीकाठची रांग. संध्याकाळी बंडवर उभे राहून पलीकडच्या दिव्यांची रोषणाई पाहावी, हा या मार्गदर्शिकेचा सर्वांत मोठा आग्रह. 'बंड' हा शब्द मात्र चिनी नाही. फारसी 'बंद' हिंदुस्थानीत आला, तिथून इंग्रजांनी उचलला आणि जहाजांबरोबर चीनच्या किनाऱ्याला नेला. अर्थ तोच, पाणी अडवणारा बांध. शांघायचे सर्वांत नावाजलेले ठिकाण नावाने आपल्या धरणाचे नातेवाईक निघावे, याची मला गंमत वाटली.

ही गंमत वाटली आणि तिथूनच पुस्तक मी दुसऱ्या डोळ्यांनी वाचू लागले. बंडवरच्या हिरव्या टोकदार छपराच्या इमारतीपाशी थांबा, असे मार्गदर्शिका सांगते. १९२९ साली पूर्ण झालेले ते सासून हाऊस. आज तिथे हॉटेल आहे. आतल्या जाझ वाद्यवृंदाची वेळही दिली आहे. हे सासून म्हणजे ज्यांच्या नावाची गोदी आणि ग्रंथालय मुंबईत आहे, त्याच घराण्यातले. बगदादहून डेव्हिड सासून १८३२ च्या सुमारास मुंबईला आले आणि त्यांच्या पेढीचा मोठा व्यापार चीनशी झाला. त्यात अफू होती. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्याच अफूच्या वादातून युद्ध झाले, १८४२ च्या नानकिंग तहाने शांघायसह पाच बंदरे परकीयांना खुली करावी लागली आणि १८४३ पासून शांघायचा आजचा चेहरा घडू लागला. पुस्तकात इमारतीची शैली आहे, छपराचा रंग आहे, खोलीचे भाडे आहे. माळव्यातला शेतकरी आणि चीनमधला व्यसनी नाही. पर्यटकाला ते कशाला सांगायचे, असा विचार लिहिणाऱ्याने केला असेल.

शिंतियान्दी नावाच्या भागाचेही तसेच. दगडी चौकटींच्या दारांची जुनी गल्लीघरे दुरुस्त करून २००१ मध्ये तिथे उपाहारगृहे आणि दुकाने सुरू झाली. 'जुन्या शांघायचा अनुभव इथे घ्या,' असे मार्गदर्शिका म्हणते. त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आधी दुसरीकडे हलवली गेली, तेव्हा कुठे हा अनुभव घेण्याजोगा झाला.

पण माझे लक्ष खरे खिळले ते शेवटच्या प्रकरणातल्या एका बेटावर. यांगत्झे नदी समुद्राला मिळते तिथे नदीनेच हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळाचे चोंगमिंग नावाचे मोठे बेट आहे. ते शांघायच्याच हद्दीत येते. पूर्वेच्या टोकाला स्थलांतर करणारे पक्षी उतरतात; दुर्बीण न्यावी; खेकडे खावेत; एका दिवसाची सहल पुरते. सव्वा पानात बेट संपते.

चोंगमिंगचे नाव मी आधी वाचले होते ते वेगळ्या संदर्भात. यांगत्झेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचे बांधकाम १९९४ मध्ये सुरू झाले, २००३ मध्ये त्यात पाणी साठू लागले आणि २०१० मध्ये ते पूर्ण पातळीला पोहोचले. बारा लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. जवळच्या डोंगरउतारांवर सर्वांना जमीन पुरणार नव्हती, म्हणून काहींना दूरच्या प्रांतांत पाठवण्यात आले. अशी एक पहिली तुकडी, युनयांग परगण्यातली सहाशेहून अधिक माणसे, ऑगस्ट २००० मध्ये नदीच्या प्रवाहाबरोबर हजार किलोमीटरहून अधिक खाली येऊन चोंगमिंग बेटावर उतरली. डोंगरातली माणसे सपाट खाडीवर आली. बोली वेगळी, पीक वेगळे, जेवणातले तिखटसुद्धा वेगळे. त्या धरणाची वीज पुढे मोठ्या वाहिनीने शांघायला पोहोचली. म्हणजे ज्यांच्या घरांवर ते पाणी साठायचे होते त्यांतली काही माणसे त्या विजेच्या वाटेच्या शेवटी, रोषणाईच्या शहराच्या काठावर वसली. मार्गदर्शिकेत पक्ष्यांचे स्थलांतर महिनावार दिले आहे. माणसांच्या या स्थलांतराला एकही ओळ नाही.

इथे वाचक म्हणतील, की शांघायचे काय ते शांघायवाले पाहतील. पण शांघाय हे आपल्या भाषेत काही काळ विशेषणासारखे वापरले गेलेले नाव आहे. २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' आणि मॅकिन्सी यांचा मुंबईच्या भवितव्याविषयीचा अहवाल आला, आणि पाठोपाठ 'मुंबईचे शांघाय करू' हे वाक्य सभांतून, अग्रलेखांतून, विनोदी सदरांतूनही घुमू लागले. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या तेव्हाही या वाक्याची आठवण निघत होती. म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी शांघाय पाहिले असेल. त्यांना हवे होते ते शहर बंडवरून संध्याकाळी दिसते ते, मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावरचे. मुखपृष्ठासारखे व्हायचे तर मुखपृष्ठावर नसलेल्या माणसांना हलवावे लागते, हा त्या वाक्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध होता.

आता गोसीखुर्द. 'खुर्द' म्हणजे लहान. बुद्रुक आणि खुर्द अशी गावांची जोडी महाराष्ट्रभर आढळते. या लहान गावाजवळ वैनगंगेवर जे उभे राहिले ते लहान नाही. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचे धरण, तेहतीस दरवाजे, अकराशे दशलक्ष घनमीटरहून अधिक पाणी, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टरांना सिंचनाचे आश्वासन. अधिकृत नाव इंदिरासागर. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आमच्या दारात सागर असा सरकारी कागदातून आला. १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. पुढच्या सुधारित मान्यतांमध्ये खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेली मुले आज आपल्या मुलांना शाळेत सोडायला जातात.

पुस्तिकेसाठी सामग्री भरपूर आहे, यात शंका नाही. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे पवनी सुमारे ऐंशी किलोमीटर. वाटेत उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्य आहे. २०१६ मध्ये दिसेनासा झालेला 'जय' नावाचा वाघ याच जंगलातला, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय इथला कुठलाही गाइड तुम्हाला सोडणार नाही. पवनीत जुना तट आहे, देवळे आहेत, आणि १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेले प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत. त्या स्तूपांच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. वर, जलाशयाच्या अंगाला अंभोरा. तिथे वैनगंगेला इतर नद्या येऊन मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि पाण्यावरून जाणारा, उंचावर प्रेक्षागॅलरी असलेला नवा पूल २०२३ पासून वाहतुकीला खुला आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला तो इथे की आंबेजोगाईला, हा वाद आमच्या विभागात दरवर्षी एकदा होतो, आणि वैनगंगेच्या काठावर पगार घेत असल्याने आम्ही कोणत्या बाजूचे हे सांगायला नको.

एवढे मी लिहून दिले. मंडळींना पसंत पडले. फक्त धरणाच्या पानावर 'निळेशार अथांग पाणी' असे शब्द हवेत, असा आग्रह झाला. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच जलाशयात येते, हे सर्वांना ठाऊक आहे; 'निळेशार' हा शब्द त्यामुळे जरा अवघड होता. 'दरवाजे उघडल्यावरचे विहंगम दृश्य' हेही शब्द सुचवले गेले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ते सर्व दरवाजे उघडले होते, आणि खालच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत घराघरांत पाणी शिरले होते. त्या गावांतली मुलेही पवनी-ब्रह्मपुरीकडच्या महाविद्यालयांत शिकतात. दृश्य विहंगम खरेच. पण विहंग म्हणजे पक्षी, आणि पक्ष्याला घर सोडून उडता येते.

या शब्दांवरून रेंगाळत असतानाच एम.ए.च्या वर्गात महानुभाव वाङ्मय सुरू झाले. 'लीळाचरित्र' शिकवताना 'स्थानपोथी'चा उल्लेख करून पुढे जायचे, हा आमचा शिरस्ता. या वेळी मी थांबले. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, ज्या देवळात उतरले, ज्या झाडाखाली बसले, त्या सर्व जागांची नोंद करणारी ही चौदाव्या शतकाच्या सुमाराची पोथी. स्वामी गेल्यावर मागे राहिलेल्या अनुयायांना त्या जागा सापडाव्यात, तिथे जाऊन नमस्कार करता यावा, एवढाच तिचा हेतू. म्हणून भाषा कमालीची कोरडी. गावाच्या कोणत्या दिशेला, नदीच्या कोणत्या काठाला, देवळाचे दार कोणीकडे, चौक कुठे, बसण्याची जागा कुठे. उपमा नाही, स्तुती नाही. पुढे अनेक देवळे पडली, नद्यांनी काठ बदलले, तरी पोथीच्या आधाराने भाविकांना आणि अभ्यासकांना स्थाने शोधता आली. मराठीतली ही जुनी मार्गदर्शिका आहे; आणि ती निघून गेलेल्याच्या खुणा जपण्यासाठी लिहिलेली आहे. चक्रधरांच्या शिष्यांत निळभट्ट भांडारेकर आहेत. त्यांच्या नावातच आमचा भंडारा आहे, हे सांगितले की वर्ग जरा जागा होतो.

त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. ती पुनर्वसित गावठाणातली. तिचा जन्म नव्या गावातला, सरळ रस्त्यांच्या आणि आखलेल्या भूखंडांच्या वस्तीतला. जुने गाव तिने पाहिलेलेच नाही. तिने विचारले, "मॅडम, आमच्या गावाची अशी पोथी करता येईल का? आजी रोज सांगते, पण मला चित्र दिसत नाही."

तिच्या आजीकडे आम्ही गेलो. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते, पण गावाविषयी विचारले की आवाज खणखणीत होतो. मी वही उघडली आणि स्थानपोथीच्याच रीतीने विचारत गेले. घराचे दार कोणीकडे? उगवतीला. दारासमोर काय? बोडी. बोडीच्या पलीकडे? मोहाचे झाड, आणि त्याखाली मातामायचे ठाणे. मागे? सांदवाडी, तिच्यात सीताफळ आणि वालाचा मांडव. पांदण कुठून निघायची? आखरावरून, तिथे सकाळी गुरे जमायची. दिवाळीनंतरची मंडई कुठे भरायची? दंडारीचा मांडव कोणाच्या अंगणात? धानाच्या बांध्या कुठवर? नदीवर डोंगा कुठे लागायचा? अर्ध्या तासात नात चित्र काढू लागली होती, आणि आजी तिच्या हातातली पेन्सिल थांबवून सांगत होती, की विहीर इतकी जवळ नव्हती, घागर घेऊन येताना कंबर दुखायची.

त्यानंतर आम्ही एक उपक्रम म्हणून हे काम घेतले. वर्गातली पाच मुले बुडित गावांतल्या घरांतली आहेत. त्यांनी आपापल्या घरच्या वृद्धांना विचारून नोंदी केल्या. कुठलीही नोंद अर्ध्या पानाहून मोठी नाही. एक अडचण मात्र पहिल्याच आठवड्यात आली. दिशा कशापासून सांगायची? स्थानपोथीकाराला गाव होते, नदी होती. इथे गाव पाण्याखाली आणि नदी जलाशयात हरवलेली. शेवटी मुलांनीच तोडगा काढला. आज जे दिसते तिथून सुरुवात करायची: धरणाची भिंत, पुलाचा खांब, टेकडी, पाण्यात वठून उभा असलेला एखादा बुंधा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वर येणारे जोते असेल तर तेही. ज्ञात खुणेकडून अज्ञात जागेकडे जायचे, ही रीत सातशे वर्षांपूर्वीची आणि आजच्या मोबाइलमधल्या नकाशाचीही.

हे सारे भावनेच्या भरात चालले होते असे मात्र नाही. एका विद्यार्थ्याने सरळ विरोध केला. तोही बुडित गावातला, ढिवर समाजातला. त्याचे वडील याच पाण्यात मासेमारी करतात. तो म्हणाला, "मॅडम, आमचं गाव गेलं हे आम्हाला माहीत आहे. पर्यटकाला सांगून काय होणार? तो येईल, वाईट वाटून घेईल, परत जाईल. मला बोट चालवायची नोकरी पाहिजे. पुस्तिका चांगली निघाली तर लोक येतील, लोक आले तर नोकरी मिळेल." त्याचे म्हणणे मला अजूनही खोडून काढता आलेले नाही, आणि खोडण्याची इच्छाही नाही. २०१३ मध्ये शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १२०० कोटींचे विशेष पॅकेज दिले. त्या पैशांतून कोणी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणाचे पैसे कसे गेले ते कळलेही नाही. पैसे संपतात, काम उरते. जे पाणी गाव घेऊन गेले त्यावरच्या नावेत त्या गावच्या मुलाला काम मिळाले, तर ते न्याय्यच होईल. पर्यटन वाईट, अशी भूमिका घेणे पगारदार प्राध्यापिकेला सोपे आहे. त्याला ते परवडणारे नाही.

पण त्याच्या बोलण्यातूनच मला माझे उत्तर सापडले. नाव चालवणारा तोच असेल, तर पर्यटक त्याला विचारणारच, "खाली किती खोल आहे?" त्या वेळी त्याने काय सांगायचे? मीटर सांगायचे की गावाचे नाव? शांघायच्या मार्गदर्शिकेने चोंगमिंगवरच्या माणसांना वगळले, तेव्हा तिने प्रवाशाचा वेळ वाचवला, हे मान्य. पण त्या बेटावर उतरलेल्या माणसाला, आपण या शहराच्या गोष्टीत नाही, हेही तिने सांगून टाकले. आमची पुस्तिका वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील, तसा नव्या गावठाणातला नातूही असेल. त्याला आपल्याच पाण्यावर पाहुणा करून ठेवणारी पुस्तिका मला लिहायची नाही. स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवण्याची रीत या पवनीची आहे. धरणासाठी ज्यांनी गाव दिले, किंवा ज्यांच्याकडून ते घेतले गेले, त्यांच्या गावांची नावे कागदावर छापणे तुलनेने फारच स्वस्त आहे.

मंडळींशी माझी बोलणी अजून चालू आहेत. त्यांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे: छपाईचा खर्च वर्गणीतून व्हायचा आहे, आणि सहलीला आलेल्या माणसाचा आनंद घालवू नये. 'निळेशार' गेले, 'विहंगम' राहिले. बुडित गावांच्या नोंदींसाठी त्यांनी दोन पाने मान्य केली आहेत; मी सहा मागते आहे. नोकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याने दरम्यान आपल्या वडिलांना विचारून स्वतःची नोंद लिहून आणली. त्याच्या घरच्यांची संमती घेऊन, गावाचे नाव तूर्त गाळून, ती इथे देते. पुस्तिकेत नावासह येईल.

"धरणाच्या भिंतीकडे पाठ करून नाव जुन्या पात्रातून वर न्यावी. पाण्यात वठलेल्या झाडाचा बुंधा लागतो. बुंध्याच्या उजव्या हाताला गाव. घरे नदीकडे तोंड करून. पहिले घर आमचे. दाराशी जाळी वाळत घालायचे दोन खांब. खांबांपासून डोंग्याची जागा वीस पावलांवर. गावाला शाळा चौथीपर्यंत. मातामायचे ठाणे आता नव्या गावात आणले आहे. इथे सकाळी झिंगे चांगले मिळतात."

शेवटचे वाक्य त्याने पर्यटकांसाठी लिहिले आहे, असे तो म्हणतो. मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही. वाचकांपैकी कुणाचे गाव या किंवा दुसऱ्या कुठल्या जलाशयाखाली असेल, तर घराचे दार कोणीकडे होते आणि दारासमोर काय होते, एवढे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवावे, ही विनंती. त्याला अर्धे पान पुरते.